ॲक्टर प्रतिमान

एकाच वेळी चालणाऱ्या संगणकीय कामांची रचना, परस्परांना केवळ संदेश पाठवणाऱ्या स्वतंत्र घटकांच्या रूपात करण्याची पद्धत. कार्ल ह्यूइट, पीटर बिशप आणि रिचर्ड स्टायगर यांनी ती १९७३ मध्ये मांडली. ॲक्टर म्हणजे असा घटक, की ज्याला स्वतःची खासगी स्थिती आणि आलेले संदेश साठवणारा मेलबॉक्स असतो. तो एका वेळी एकच संदेश हाताळतो आणि त्यानुसार इतरांना संदेश पाठवतो, नवे ॲक्टर निर्माण करतो किंवा पुढील संदेशाच्या वेळचे आपले वर्तन ठरवतो.

खात्यात १,००० रुपये असताना ८०० रुपये काढण्याच्या दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर सामायिक मेमरीच्या पद्धतीत त्या हाताळणारे दोन्ही थ्रेड (समांतर चालणारे आदेशप्रवाह) जुनीच शिल्लक वाचून दोन्ही रकमा देऊन टाकण्याचा धोका असतो व तो टाळण्यासाठी एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश देणारे लॉक वापरावे लागते. खाते हाच ॲक्टर असल्यास पहिली विनंती पूर्ण झाल्यावरच दुसरी विचारात घेतली जाते आणि नाकारली जाते.

एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी दूरध्वनी यंत्रणांसाठी १९८६ पासून विकसित केलेल्या एरलँग भाषेत याच धर्तीच्या हलक्या प्रक्रिया असतात. एखादी बंद पडल्यास तिच्यावर देखरेख करणारी प्रक्रिया तिला नव्याने सुरू करते. तथापि दोन ॲक्टर एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडू शकतात, तसेच संदेशांचा ओघ हाताळण्याच्या वेगापेक्षा वाढल्यास मेलबॉक्स तुंबून मेमरी अपुरी पडते. एरलँग १९९८ मध्ये मुक्त स्रोत झाली. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरसाठीही तिचा वापर झाला आहे.