भारंगीची भाजी आणि पिळून टाकलेले पाणी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी पाकशास्त्राच्या इतिहासावर चार शब्द लिहा, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु एका कडू भाजीने मला इतिहासाचा धडा दिला, तोच भगिनींपुढे ठेवते.

1968 साली लग्न होऊन मी मुलुंडला आले. हा भाग बृहन्मुंबईत येऊन तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. पाऊस लागला की येऊरच्या डोंगराकडच्या आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी अशा रानभाज्या पाट्यांतून विकावयास आणीत. माझे माहेर सोलापूरचे. भारंगी मी कधी पाहिलीही नव्हती. सासूबाई मात्र कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या. भारंगी दिसली की त्यांना माहेर भेटल्यासारखे होई.

त्या कोवळी पाने निवडून बारीक चिरीत, मीठ घालून उकडीत आणि घट्ट पिळून ते हिरवे पाणी मोरीत ओतीत. मग सढळ तेलावर लसूण-कांद्याची फोडणी, भिजवलेले वाल, वरून ओले खोबरे नि गुळाचा खडा. मी शाळेत शिकले होते की, पालेभाजीचे पाणी फेकू नये, त्यात जीवनसत्त्वे जातात. एके दिवशी मी म्हणाले, "आई, सगळे सत्त्व तुम्ही मोरीत ओतता!" त्या म्हणाल्या, "उद्या तू कर."

दुसऱ्या दिवशी मी भाजी न पिळता, बेताच्या तेलात केली. मामंजींनी पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या जवळ ओढला. सासूबाईंनी मात्र आपल्या पानातली भाजी एक अक्षर न बोलता संपविली. त्यानंतरच्या भारंगीच्या वेळी त्यांनी मला जवळ बसवून पिळण्याचा हात शिकविला, पण "असे का?" याचे उत्तर त्यांच्यापाशी एकच होते, "आमची आई असेच करी."

पुढे कित्येक वर्षांनी चरकसंहितेचे मराठी भाषांतर हाती आले. सूत्रस्थानाच्या 27 व्या अध्यायात, जेथे अन्नपानाचा विचार आहे, पालेभाज्यांविषयी स्पष्ट सांगितले आहे की, त्या पचावयास जड व रूक्ष. म्हणून वाफवून, रस पिळून, भरपूर स्नेह घालून केलेल्या उत्तम. स्नेह म्हणजे तेल-तूप. वाग्भटानेही अष्टांगहृदयात हाच नियम दिला आहे. 26 व्या अध्यायात तर तिक्त रस स्वतः रुचकर नसूनही अरुची घालवितो, असे म्हटले आहे. पावसाळ्यात मंदावलेल्या भुकेवर कडू भाजी का, हे मला तेव्हा उमगले.

मी पुस्तक मिटले ते डोळे पुसतच. सांगावे कोणाला? सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांना अक्षरओळखही बेताचीच. पोथीतले ज्ञान त्यांच्या चुलीपर्यंत आले, की चुलीवरचे पाहून वैद्यांनी ते पोथीत लिहिले? माझा कल दुसऱ्या बाजूस आहे. वैद्यही कोणाच्या तरी हातचेच जेवीत असणार!

एक मात्र नमूद केले पाहिजे. पिळल्याने काही जीवनसत्त्वे जातात, हे शाळेतले शिक्षणही खोटे नव्हते. तसेच खोकला-दम्यावर वैद्य वापरतात ते भारंगीचे मूळ. आपण खातो तो पाला. तेव्हा भाजीला औषध समजून उपचार टाळू नये आणि ओळख पटल्यावाचून रानातला पाला खुडू नये.

भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आणि भाजीवालीलाही "असे का करता?" हे वाद घालण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी विचारा आणि मंडळाच्या वहीत टिपून ठेवा. मी सासूबाईंना विचारले खरे. पण त्यांचे उत्तर उत्तर म्हणून ऐकावयास मला फार उशीर झाला.