पंचच रडीचा डाव खेळतो तेव्हा

गल्लीतल्या क्रिकेटचा एक अलिखित कायदा असतो. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आणि तो लवकर बाद झाला की बॅट काखोटीला मारून सरळ घरी! याला आपण रडीचा डाव म्हणतो. पण रडीचा डाव खेळणारा खेळाडू नसून खुद्द पंचच असेल तर काय करायचे? आपल्या नात्यातली दोन-तीन मुले सध्या ज्या खेळाच्या नादी लागली आहेत, त्यात हा प्रश्न रोजचाच आहे असे कळले. म्हणून थोडे वाचन केले. निघाले ते भलतेच मोठे प्रकरण. ते आज सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र पात्र होत नाही. तो असतो गेम मास्टर. गुहा कशी आहे, दाराआड कोण दबा धरून बसले आहे, राक्षसाचा वार लागला की हुकला, हे सगळे तो सांगणार. फासे असतात, नियमांची जाडजूड पुस्तकेही असतात, पण अखेरचा शब्द त्याचा. आता असा माणूस आपल्या दोस्ताला झुकते माप देऊ लागला, पडद्यामागे फासे टाकून हवे ते दान सांगू लागला, किंवा तुम्ही काहीही ठरवा, गोष्ट माझ्याच वाटेने जाईल असे करू लागला, तर बाकीच्यांनी काय करावे? (या शेवटच्या प्रकाराला ती मुले 'रेलरोडिंग' म्हणतात. रुळावरून गाडी हलत नाही, तसे.)

गंमत अशी की हा सर्वाधिकारी पंच मुलांच्या खेळात जन्मला नाही. तो जन्मला प्रशियाच्या सैन्यात. १८१२ मध्ये बॅरन फॉन राइस्विट्झ नावाच्या गृहस्थाने प्रशियाच्या राजाला युद्धाचा खेळ मांडण्याचे एक टेबल भेट दिले. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, तो खेळ टेबलावरून नकाशावर आणला आणि १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे. दोन्ही सैन्ये नेमकी कुठे आहेत हे फक्त पंचाला ठाऊक. तुमच्या शिपायांना जेवढे दिसले असते तेवढेच तो तुम्हाला दाखवणार. फासे टाकून, कोष्टके पाहून नुकसान किती झाले ते तोच सांगणार. या पंचाला नियमपुस्तकात जर्मन शब्द वापरला आहे तो 'फेरट्राउटर', म्हणजे विश्वासातला माणूस. मला हा शब्द फार आवडला. त्याचा सारा अधिकार त्या एका शब्दावर उभा आहे.

पुढे नियम आणि कोष्टके यांचे ओझे इतके झाले की खेळ पुढे सरकेना. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नोआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवले, फासे आणि कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला आपल्या अकलेने निकाल देऊ द्या. खेळ सुटसुटीत झाला. पण त्याचबरोबर पंच आणि पक्षपात यांच्यामध्ये पंचाच्या सचोटीशिवाय काही उरले नाही.

ही सचोटी ढळली की काय होते याची तीन उदाहरणे सांगतो. तिन्ही वेळा खेळणाऱ्यांनी वेगवेगळे उत्तर दिले, म्हणून ती निवडली.

पहिले जर्मनीचेच. कैसर दुसरा विल्हेल्म याला सैनिकी सरावात स्वतः सेनापती व्हायची भारी हौस. आणि कैसरची बाजू कधी हरत नसे! सैन्याचे प्रमुख श्लीफेन त्याला जिंकू देत. १९०५ च्या जानेवारीत त्यांची जागा घेण्याबद्दल कैसरने धाकट्या मोल्टकेंना विचारले, तेव्हा मोल्टकेंनी पद स्वीकारण्याआधीच तोंडावर सांगितले, की महाराज दर वेळी जिंकतात, खऱ्या युद्धात असे होत नसते आणि अधिकाऱ्यांचा या खेळावरचा विश्वास उडाला आहे. दोन्ही बाजू समान नसतात याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे कैसर म्हणाला, हे मोल्टकेंनीच लिहून ठेवले आहे. खरे-खोटे कैसर जाणे! पण नंतर सरावात सेनापती होणे त्याने सोडले. एवढ्याने मोल्टके मोठे सेनापती ठरले असे नाही. १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत ते खचले आणि त्यांना बाजूला व्हावे लागले. पण बोलायचे धैर्य त्यांनी दाखवले, आणि बोलले ते डाव सुरू होण्याआधी.

दुसरे जपानचे. मे १९४२. मिडवे बेटावरच्या मोहिमेची रंगीत तालीम 'यामातो' या युद्धनौकेवर चालू होती. पंच होते ओकुमिया. फासे पडले आणि त्यांनी निकाल दिला: अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. तालमीचे मुख्य सूत्रधार होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी तिथल्या तिथे नऊचे तीन केले. 'आकागी' वाचली, 'कागा' बुडालेली राहिली. पण पुढच्या टप्प्याच्या खेळात तीही पुन्हा तरंगताना दिसली! ही हकीकत ओकुमिया आणि वैमानिक फुचिदा यांनी युद्धानंतर लिहिली. भोवती बसलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणी उठून 'हे चालणार नाही' म्हणाले नाही. महिन्याभराने, जून १९४२ मध्ये, खऱ्या समुद्रात चार विमानवाहू नौका गेल्या. त्यांत 'आकागी' होती आणि 'कागा'ही होती. तालमीतला निकाल पाळला असता तर लढाई जिंकली असती असे मी म्हणणार नाही, इतिहासात असे सोपे गणित नसते. पण तालीम ज्यासाठी करतात, तेच त्या दिवशी खोडून टाकले गेले.

तिसरे अमेरिकेचे, २००२ च्या जुलै-ऑगस्टमधले. 'मिलेनियम चॅलेंज' नावाचा प्रचंड सराव, खर्च सुमारे २५ कोटी डॉलर. शत्रूची भूमिका दिली होती पॉल व्हॅन रायपर या निवृत्त जनरलला. त्यांनी रेडिओ बंद ठेवला, निरोप मोटारसायकलवरून पाठवले, आणि क्षेपणास्त्रे व छोट्या बोटी यांच्या एकाच हल्ल्यात एका विमानवाहू नौकेसह सोळा जहाजे बुडवली. पंचांनी ती जहाजे पुन्हा पाण्यावर काढली. सूत्रधारांची बाजूही सांगायला हवी. हजारो खरे सैनिक मैदानावर होते आणि त्यांचे प्रयोग व्हायचे होते, पहिल्याच फटक्यात सराव संपवून चालले नसते. ठीक आहे. पण पुढे व्हॅन रायपरना विमानविरोधी यंत्रणा कुठे चालू ठेवा आणि कुठे बंद करा हेही सांगितले जाऊ लागले. तेव्हा ते मध्येच सेनापतिपदावरून बाजूला झाले, आणि का झालो हे त्यांनी लेखी अहवालात व जाहीरपणेही सांगितले.

एक आधी बोलला, काही गप्प बसले, एक उठून गेला.

आता टेबलाकडे येऊ. हा सैनिकी पंच मुलांच्या खेळात आला तो अमेरिकेतल्या युद्धखेळांच्या हौशी मंडळींमुळे. डेव्हिड वेस्ली याने टॉटन या अमेरिकी अधिकाऱ्याचे १८८० चे जुने नियमपुस्तक वाचले. खेळाडूने काहीही करू पाहावे आणि पंचाने त्याचा निकाल द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली आणि १९६९ मध्ये 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात खेळलेला डेव्ह आर्नेसन आणि त्याचा सहकारी गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला. पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची. गायगॅक्स स्वतःही काही मवाळ पंच नव्हता. १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी त्याने 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचे थडगे रचले. त्यात भिंतीवरच्या हिरव्या सैतानाच्या उघड्या जबड्यात कुणी शिरला की तो कायमचा संपला! १९७९ च्या त्याच्या मार्गदर्शक पुस्तकात त्रास देणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आकाशातून वीज पाडण्याचा उपायही दिला आहे. पंचाने खेळाडूला कसे सरळ करावे हे आले, पण पंचाला कुणी सरळ करायचे?

यावर दोन मार्ग निघाले. एक, पंचच नको. २००९ चा 'फियास्को' हा खेळ तसा आहे, सगळे मिळून गोष्ट रचतात. दुसरा मार्ग मला अधिक पटतो. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून बोलायचे, आपल्याला कसला खेळ हवा, काय चालेल, काय चालणार नाही. याला 'सेशन झीरो' म्हणतात, आणि २०२० मध्ये या खेळाच्या अधिकृत पुस्तकातही त्याला जागा मिळाली. मोल्टकेंनी केले ते हेच.

अधिक नियम करून पक्षपात थांबत नाही. नियम कितीही करा, ते लावणारा माणूसच असतो. आपल्याकडची द्यूतसभा आठवा. तिथे नियम होते, फासे होते, वडीलधारे तर रांगेने बसले होते. विदुर बोलला, विकर्ण बोलला, त्याला कर्णाने गप्प केले. पण ज्याने पट सोडून उठायचे तो धर्मराज उठला नाही. उलट दुसऱ्यांदा बोलावले तेव्हा पुन्हा जाऊन बसला.

तेव्हा मुलांनो, तुमचा गेम मास्टर अन्याय करतो आहे असे वाटले, तर आधी त्याला बाजूला घेऊन नीट सांगा. चारचौघांत पाणउतारा नको. पुष्कळदा त्याला खरेच कळलेले नसते, आपण रचलेली गोष्ट मोडू नये एवढीच त्याची धडपड असते. तुम्हाला वाटते ते बाकीच्यांनाही वाटते का, हेही विचारा. कदाचित आपलेच दान वाईट पडत असेल! एवढे करूनही फरक पडला नाही, तर नमस्कार करून उठा. आदळआपट नको, आणि मनात कुढत दर रविवारी जाऊन बसणे तर नकोच. पंचाचा अधिकार हा खेळणाऱ्यांनी उसना दिलेला विश्वास असतो, आणि तो परत घेण्याचा हक्क आपला असतो. 'यामातो'वरच्या अधिकाऱ्यांना उठणे अवघड होते. तुम्हाला तर फक्त खुर्ची मागे सारायची आहे.