माकडतापाची वाट

रानातून चरून आलेल्या गुरांच्या कानांतल्या गोचिडी काढणे हे कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याचे नित्याचे काम. याच क्षुद्र किड्याने एका रोगाचा इतिहास घडविला, आणि त्याचा उलगडा आपल्या बोरघाटापलीकडे, पुण्यात झाला.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. मार्च 1957 मध्ये तेथे खबर आली, की म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडत आहेत आणि भोवतालच्या खेड्यांत माणसेही तापाने आजारी आहेत. पहिली शंका पीतज्वराची आली. परंतु विषाणू हाती लागला तो रशियातील गोचिडींपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला! उत्तरेकडून येणारे पक्षी तो आणतात की काय, हे पाहण्यासाठी सलीम अलींच्या मुंबईतील निसर्ग-इतिहास संस्थेने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याची मोठी मोहीम हाती घेतली. तो तर्क सिद्ध झाला नाही. विषाणूचे घर रानातच होते.

तो तेथे टिकतो कसा? गोचिडीची अळी उंदीर-चिचुंद्रीसारख्या प्राण्याचे किंवा माकडाचे रक्त पिते, गळून पडते, कात टाकते. कात टाकली तरी पोटातला विषाणू जात नाही. मग आठ पायांचे पिलू दुसऱ्या प्राण्याला चावते. माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तेथेच विखुरतात आणि ती जागा धोक्याची बनते. गुरे विषाणू फारसा पसरवीत नाहीत, मात्र प्रौढ गोचिडींना पोसतात; म्हणून गुरे रानात शिरली, की गोचिडी वाढतात. माणूस या चक्रात चुकून सापडतो. एका माणसाचा ताप दुसऱ्याला लागत नाही.

पण सापडतो कोणता माणूस? पिलांचा सुळसुळाट पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, आणि लाकूडफाटा, पाला, काजू यांची कामेही नेमकी तेव्हाच निघतात. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्गात हा ताप उद्भवला; काजूच्या बागांत राबणारे मजूर त्यात सापडले. विषाणू जातपात पाहत नाही हे खरे. परंतु रानात अनवाणी कोणी जायचे, हे पोटाची खळगी ठरविते.

आपल्या तालुक्यांत ही साथ आहे, असे सांगून मला घबराट माजवावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच, की माकडताप हा रानातल्या श्रमाचा रोग आहे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वर्दी द्यावी. रानातून आल्यावर अंग व कपडे तपासावेत. आणि मजुराला रानात धाडणाऱ्याने त्याच्या अंगाला लावावयाचे औषध व पायांतली पायताणे मजुरीतून न कापता द्यावीत. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 साली लिहून ठेवले, की रोग्याला त्याचा धंदा विचारावा. तापाने फणफणलेला मजूर दवाखान्याच्या पायरीवर येईल, तेव्हा नाडी पाहण्याआधी तो एक प्रश्न त्याला कोणीतरी विचारील काय?