कर्जाची गाडी आणि तिचा विमा

भारतात कर्जावर घेतलेल्या गाडीच्या विम्याचा उगम दोन ठिकाणी आहे : कायद्यात आणि कर्जाच्या करारात. ब्रिटनने १९३० मध्ये तिऱ्हाइताच्या (थर्ड पार्टी) भरपाईसाठी मोटारविमा सक्तीचा केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली, पण ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली. गाडीखाली सापडलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळावी, हा तिचा न्याय्य हेतू. खुद्द गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने तेव्हा मागितला नाही, आजही मागत नाही.

ती काळजी कर्ज देणाऱ्याची. भाडेखरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असे. नजरगहाणात मालकी कर्जदाराची आणि तारणाचा हक्क बँकेचा. दोन्हींत तारण रस्त्यावर धावते आणि एका अपघातात भंगारात जाऊ शकते. म्हणून करारातच ‘फुल इन्शुरन्स’ची, म्हणजे तिऱ्हाइताबरोबर खुद्द गाडीच्याही नुकसानीच्या विम्याची, अट आली.

१९८८ च्या कायद्याच्या कलम ५१ नुसार अशा कर्जाची नोंद आरसी बुकात होते. यालाच गाडीवर ‘एचपी चढणे’ म्हणतात. पॉलिसीवरही बँकेचे नाव येते. भाडेखरेदीसाठी आयएमटी ५ आणि नजरगहाणासाठी आयएमटी ७ ही कलमे पॉलिसीला जोडली जातात. त्यांचा परिणाम दाव्याच्या वेळी दिसतो. दुरुस्तीने भागत असेल तर गाडी गॅरेजमध्ये नीट करून मिळते. पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर पैसे आधी बँकेकडे जातात आणि तिचे येणे वळते झाल्यावर उरलेली रक्कम मालकाला मिळते.

दरम्यान विम्याचा बाजारही बदलत गेला : १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, २००० पासून खासगी कंपन्या पुन्हा आल्या आणि २००७ मध्ये गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र दरवर्षी नव्याने काढता येतो. कर्जदाराची चूक होते ती इथेच : थर्ड पार्टी चालू असल्याने कागद पुरे वाटतात, गाडीच्या नुकसानीचा विमा काढायचा राहतो आणि कराराची अट मोडते.

कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन एचपी उतरवावी लागते. पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्यावे लागते. त्यानंतर फुल इन्शुरन्स मालकाच्या मर्जीवर राहतो, थर्ड पार्टी मात्र गाडी रस्त्यावर असेपर्यंत सक्तीचाच.