लडाखचे तळ आणि त्यांवरील माणसे

लडाखहून परत आलेला उपासक प्रथम गोम्पांविषयी बोलतो. अल्ची, हेमिस, थिकसे, लामायुरू ही नावे त्याच्या तोंडी असतात. त्यानंतर पँगाँग सरोवराच्या निळ्या पाण्याचे वर्णन येते. ज्या जागेवर त्याने रात्री राहुटी ठोकली, त्या जागेविषयी मात्र तो फारसे सांगत नाही. ती त्याला मोकळी, निसर्गाने दिलेली, इतिहास नसलेली जागा वाटलेली असते. आम्ही प्रथम तेथे गेलो तेव्हा आमचीही समजूत याहून निराळी नव्हती. प्रस्तुत लेखात या तळांचाच विचार करावयाचा आहे. लडाखच्या बौद्ध इतिहासाचा मोठा भाग गोम्पांच्या भिंतींआड नव्हे, तर या उघड्या तळांवर घडला, आणि त्यातील काही भाग महाराष्ट्रातील बौद्धांच्या चांगल्याच ओळखीचा आहे.

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे वर्षभरात पडणारा पाऊस व हिम मिळून सुमारे १०० मिलिमीटरच भरते. म्हणजे हे हिमाच्छादित पर्वतांच्या कुशीतील वाळवंटच होय. बर्फ वितळून येणारे पाणी पाटाने जेथे नेता येते तेथेच जव पिकतो, जर्दाळू वाढतो आणि माणूस राहतो. अशा प्रदेशात प्रवाशाला मुक्कामाची जागा निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नसते. जनावरांना गवत, प्यायला पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा या तीन गोष्टी जेथे एकत्र मिळतात, तेथेच तो उतरणार. त्यामुळे आज जेथे सहलीचे तंबू दिसतात, तेथे शेकडो वर्षांपूर्वीही कोणीतरी उतरले असण्याचा संभव फार मोठा आहे.

याचा पुरावा दगडांवर आहे. सिंधूच्या काठी, विशेषतः जेथे नदी ओलांडता येत असे अशा ठिकाणी, उन्हाने काळ्या पडलेल्या शिळांवर कोरीव चित्रे आढळतात. सर्वांत जुनी चित्रे रानबकऱ्यांची व शिकारीची आहेत. नंतरच्या थरात स्तूप येतात. खलत्से येथे कुशाण राजा विम कडफायसिस याच्या नावाचा खरोष्ठी लेख सापडला. त्यावरून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत हा मार्ग गांधाराशी जोडलेला होता असे दिसते. पँगाँगच्या वाटेवरील तांगत्से येथील शिळांवर सोग्दी भाषेतील लेख व ख्रिस्ती क्रूस आहेत. त्यांपैकी नवव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका लेखात समरकंदचा एक मनुष्य आणि नोशफर्न नावाचा साधू तिबेटच्या सम्राटाकडे दूत म्हणून निघाल्याचा उल्लेख आहे. या प्रवाशांनी येथे काही बांधले नाही, जमीन घेतली नाही. एक रात्र थांबले, आपली खूण कोरली आणि पुढे गेले. अल्चीच्या पुलाजवळील अशा शिळा आम्ही पाहिल्या. रस्त्यांच्या व पुलांच्या कामासाठी लडाखात अशा कित्येक शिळा फोडल्या गेल्या. ज्याला त्यावरील स्तूप दिसत नाही, त्याला तो केवळ खडी करण्याजोगा दगड वाटतो, हे दुःखद आहे.

चारिका करणाऱ्या भिक्खूंसाठी विनयात जे नियम आले, त्यांची आठवण या प्रदेशात पदोपदी होते. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवे गवत तुडवितात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. हिरवळीवर व पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असाही नियम पातिमोक्खातील सेखिय भागात आहे. हे नियम लोकांचे ऐकून झालेले आहेत, हे आपण पुष्कळदा विसरतो. प्रवाशाने ज्यांच्या भूमीवर उतरायचे, त्यांचे म्हणणे ऐकावयाचे असते.

ऐकण्याचा प्रश्न मुलबेक येथेही पुढे येतो. श्रीनगर-लेह मार्गावरील या गावी उभ्या कड्यात मैत्रेयाची भव्य मूर्ती कोरलेली आहे. बहुतेक प्रवासी तिचे छायाचित्र घेतात व पुढच्या मुक्कामाकडे निघतात. त्याच गावी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील बुमदे या राजाची शिलाज्ञा आहे. तीत पशुबळी बंद करण्याचा हुकूम आहे. शिलेवर राजाज्ञा आणि तीही पशुहत्येविरुद्ध, हे वाचताच कोणासही अशोकाचे स्मरण होईल. परंतु फ्रँके या संशोधकाने या लेखासोबतच ग्रामस्थांचे उत्तरही वाचले आहे. ही आज्ञा पाळणे फार कठीण आहे, बकरा दिला नाही तर ग्रामदैवत काय म्हणेल, अशा आशयाचे ते उत्तर आहे. अशोकाच्या शिलालेखांवर प्रजेचे उत्तर कोरलेले नाही. येथे ते आहे. आमच्या मते लडाखातील सर्वांत बोलका लेख हाच.

आता मोठ्या व्यापारी मार्गाकडे वळू. लेहहून यारकंदला जाणारी वाट खारदुंग, सासेर व काराकोरम या ५,३०० मीटरहून उंच खिंडी ओलांडत जाई. सासेरच्या पलीकडे वस्ती नव्हती, गवत नव्हते. होते ते केवळ तळ. दौलत बेग ओल्डी या तळाच्या नावाचा अर्थच थोर व श्रीमंत पुरुष जेथे मेला ती जागा असा सांगतात. यारकंदचा सुलतान सईद खान लडाखच्या स्वारीवरून परतताना १५३३ मध्ये येथे मरण पावला, असे मानतात. मेलेल्या घोड्यांच्या हाडांनीच वाट ओळखू येई, असे जुन्या प्रवाशांनी पुनःपुन्हा लिहिले आहे. १८७० च्या करारान्वये ब्रिटिश सरकार व महाराजा रणबीरसिंग यांनी हा मार्ग व्यापारास खुला ठेवला, त्यावर सराया व धान्याच्या कोठ्या यांची व्यवस्था केली आणि लेहमध्ये संयुक्त आयुक्त नेमले. १९४९ नंतर हा व्यापार थांबला.

सुलतान, आयुक्त, व्यापारी यांची नावे अशी उरली. त्यांचे ओझे कोणी वाहिले? तळ म्हणजे ओझे बदलण्याची जागा. एका गावाने आपली घोडी व माणसे पुढच्या तळापर्यंत द्यावयाची, तेथून पुढील गावाने द्यावयाची. ही पाळी असे आणि तिला लडाखी भाषेत 'रेस' म्हणत. राजांच्या काळी ही वेठ होतीच. १८३४ मध्ये जोरावरसिंगाची स्वारी झाली व डोगरा अंमल आला, तरी ती सुटली नाही. साहेबांच्या काळात प्रवाशाकडून ठरावीक दर मिळे, पण नाही म्हणण्याची मुभा गावकऱ्यास नव्हती. येथे ऋतूचा विचार केला पाहिजे. खिंडी उन्हाळ्यात मोकळ्या होतात, म्हणून प्रवासी उन्हाळ्यात येणार. आणि लडाखात बहुतेक ठिकाणी पीक एकच, तेही त्याच उन्हाळ्यात उभे असते. जव कापणीला आलेला असताना माणूस व घोडे दोन्ही परक्याच्या सामानाखाली गेलेले असत.

धर्मकार्याचे नावही यातून सुटले नाही. १६८४ च्या तहानंतर दर तीन वर्षांनी लेहहून ल्हासाला 'लोपचाक' नावाचे शिष्टमंडळ भेटी घेऊन जाई आणि ल्हासाहून दरवर्षी चहाचा तांडा लेहला येई. या तांड्यांची वाहतूक वाटेवरील गावांनी फुकट करावयाची असे. बौद्ध देशात, बौद्ध राजांच्या संमतीने, बौद्ध शेतकऱ्यांकडून घेतलेली ही वेठ होती. ही गोष्ट आपण झाकून ठेवता कामा नये. त्याचप्रमाणे मोन हे वाद्ये वाजविणारे, गारा हे लोहारकाम करणारे व बेदा हे गाणेबजावणे करून फिरणारे समाज पंगतीच्या शेवटी बसविले जात, हेही सांगितले पाहिजे. लडाखी बैठकीत मानाप्रमाणे रांग लागते आणि ज्यांच्या नगाऱ्यावाचून उत्सव होत नाही त्यांनाच तीत खालचे टोक मिळे. १९८९ च्या आदेशान्वये अनुसूचित जमाती ठरलेल्या येथील आठ समाजांत चांगपा, बोतो यांच्याबरोबर हे तिन्ही समाज आहेत. म्हणजे शासनाच्या यादीत ते इतरांच्या शेजारी बसले; पंगतीतील रांग हा वेगळा प्रश्न राहिला.

वेठ म्हणजे काय, हे महारवतनाच्या गावांतून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. अंमलदार गावात आला की त्याचे सामान वाहणे, घोड्याला वैरण घालणे, निरोप घेऊन पुढच्या गावी धावणे ही कामे त्यांनी केली आहेत. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १९२८ मध्ये मांडले, ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना सिद्ध झालेल्या संविधानात अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. जम्मू-काश्मीर राज्याला, व म्हणून लडाखला, मूलभूत हक्कांचे हे प्रकरण काही फेरफारांसह १९५४ च्या राष्ट्रपती आदेशाने लागू झाले. कोकणातील वा विदर्भातील महार आणि खलत्सेचा घोडेवाला यांनी एकमेकांचे नाव ऐकलेले नव्हते. तरी दोघांच्या पाठीवरील ओझ्याला उद्देशून असलेले कलम एकच आहे.

१९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले आणि तळांवर पुन्हा राहुट्या दिसू लागल्या. त्सो मोरीरी हे सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील सरोवर. काळ्या मानेचे क्रौंच व पट्टकादंब हंस त्याच्या पाणथळीत अंडी घालतात; चांगपा पशुपालक याकच्या केसांच्या 'रेबो' तंबूंत राहून त्याच काठाने शेळ्या चारतात. तंबू, मोटारी व कचरा वाढल्यावर कोरझोक गावच्या लोकांनी २००० साली हे सरोवर पवित्र देणगी म्हणून संरक्षणासाठी अर्पण केले, आणि २००२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आम्ही तेथे गेलो तेव्हा काठापासून दूर उतरलो. रात्री वारा इतका होता की तंबूचे दोर दोनदा बांधावे लागले आणि पाण्याच्या कडेला उतरण्याचा मोह का होतो तेही कळले, कारण जमीन तेथेच सपाट आहे. पहाटे चांगपांच्या शेळ्या आमच्या तंबूंना वळसा घालून चरायला गेल्या. ते कुरण त्यांचे होते, आम्ही वाटेत होतो.

हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले. त्यातील मारखा खोऱ्यात आता घरोघरी प्रवाशांना उतरवून घेण्याची पद्धत आहे. हिमबिबट्या शेळ्यामेंढ्या मारतो म्हणून लोक त्याच्यावर चिडून असत. पाहुण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाने ती हानी भरून यावी, हा या योजनेमागील एक हेतू. कोणाच्या घरी कोणता पाहुणा उतरेल हे पाहुणा ठरवीत नाही. एकाच घराला सारे उत्पन्न जाऊ नये म्हणून गावाने पाळी लावलेली असते. आम्हाला ज्या घरी पाठविले तेथील वृद्ध गृहिणीने चुलीवर थुक्पा चढविला आणि आज आपली पाळी आहे, असे हसत सांगितले.