लाख : गोंदियाच्या पळसापासून मुद्रित विद्युन्मंडलापर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग) पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक आपल्या संरक्षणार्थ जी राळ स्रवतो, तीच लाख होय. संस्कृत 'लाक्षा', प्राकृत 'लक्खा', मराठी 'लाख' अशी या शब्दाची परंपरा आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील पाचव्या सूक्तात लाक्षेच्या आश्रयवृक्षांमध्ये 'पर्ण', म्हणजे पळस, याचा निर्देश आढळतो.

विद्युत्शास्त्राचा राळेशी संबंध मूळचाच आहे. त्या शास्त्राचे युरोपीय नावच तृणमणी या अश्मीभूत राळेच्या ग्रीक नावावरून पडले. फ्रेंच शास्त्रज्ञ द्यु फे याने १७३३ मध्ये विजेचे 'काचज' व 'राळज' असे दोन प्रकार कल्पिले आणि दुसऱ्या प्रकारात लाखेची गणना केली. १८३७ च्या सुमारास फॅरडेने आपल्या विद्युत्प्रयोगांत तिचा उपयोग केला. पुढे यंत्रांतील तारांच्या वेटोळ्यांना लाखेचे रोगण देण्यात येऊ लागले. अशा रीतीने 'विसंवाहक' हीच लाखेची ओळख ठरली.

या ओळखीनेच तिला प्रतिस्पर्धी निर्माण केला. लाखेस पर्याय शोधणाऱ्या बेकलंडने १९०७ मध्ये बेकेलाइट सिद्ध केले. १९५० नंतर ग्रामोफोनच्या तबकड्यांतूनही लाख हद्दपार झाली. दूरच्या प्रयोगशाळेतील शोधाचा परिणाम अशा रीतीने पळसाखाली लाख खरवडणाऱ्याच्या मिळकतीपर्यंत पोहोचतो.

तथापि २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेच्या संशोधकांनी ग्रॅफाइटचे पापुद्रे व काजळी लाखेच्या द्रावणात मिसळून विद्युद्वाहक शाई तयार केली. द्रावक उडून गेल्यावर लाख कार्बनचे कण परस्परांशी जखडून धरते आणि कणांच्या या साखळीतून प्रवाह वाहतो. येथे लाख वाहक होत नाही. ती वाहकास आधार देते. अशी मंडले वापरानंतर मातीत जिरावीत, हा त्यामागील हेतू आहे.

या उपयोगास मर्यादाही आहे. सुकलेली लाख ठिसूळ असते. रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पृष्ठावर मंडल छापावयाचे तर शाईतील बंधकही तितकाच लवचीक हवा. एरवी पहिल्याच ताणाने रेषा तडकून प्रवाह खंडित होईल. तेथे निव्वळ लाख अपुरी पडते.

'विसंवाहक' ही संज्ञा पदार्थाचा एक गुण सांगते, त्याचे सर्व सामर्थ्य नव्हे. मात्र त्या सामर्थ्याचा नवा उपयोग गोंदियास लाभावयाचा, तर फांदीवर लाख धारण करणारा पळस आणि ती पिकविण्याचे ज्ञान असलेला माणूस, हे दोन्ही टिकले पाहिजेत.