मागे उभे राहण्याचा अभ्यास

दिंडीची शंभरी भरली. या अंकात टाळकरी, मृदंगी कसे घडत आले ते लिहावे, असे मंडळींनी सांगितले, म्हणून हे चार शब्द.

माणसांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, पाठ असलेला चरण आठवत नाही. ही गोष्ट आजची नाही. खुद्द तुकोबारायांनी आपल्या अभंगात सांगून ठेवलंय, की एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा आधी चित्त अभ्यासात नव्हतं. मग त्यांनी संतांची वचनं विश्वासानं पाठ केली आणि पुढं गाणाऱ्यांच्या मागं राहून ध्रुपद धरलं. आधी पाठांतर, मग साथ, आणि मग पुढं उभं राहणं. वारकऱ्याच्या अभ्यासाचा इतिहास आम्ही इथूनच धरतो. पुढं त्यांच्याच मागं चौदा टाळकरी उभे राहिले, असं परंपरा सांगते. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ त्यांतलेच.

नवा गोऱ्हा आपण जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो, तसंच हे आहे. मागच्या ओळीत एखाद्याचा सूर चुकला तर शेजारचा सावरून घेतो. कीर्तनकार अडखळला तर टाळकरी ध्रुपद उचलतात. मागं माणसं आहेत हे ठाऊक असलं, की भीती निम्मी होते.

आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंडीत पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, वाराचे अभंग, सांजेला हरिपाठ. हा क्रम वर्षानुवर्षं तोच. आळंदी ते पंढरी चालता चालता तेच अभंग तोंडी येतात, त्यामुळं लिहिता-वाचता न येणाराही शेकडो अभंग म्हणतो. वासकर, देहूकर यांच्यासारखे फड हीच तेव्हाची शाळा होती. 1917 साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं चार वर्षं मुलगा ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग शिकतो. आपली दिंडी निघाली तेव्हा ती संस्था नवीच होती.

आमच्या वडीलधाऱ्यांची शिकवण्याची रीत अशी. मृदंगाला कणीक लावायच्या आधी आठ मात्रांचा भजनी ठेका हातावर मोजायचा. लय संथ ठेवायची, हात बसल्याशिवाय वाढवायची नाही. अडलेला चरण तेवढाच घोळायचा, मग मागच्या-पुढच्या चरणाला जोडून म्हणायचा. एका दिवशी चार तास बसण्यापरीस रोज अर्धा तास बरा.

आता पोरं मोबाईलवर ऐकून चाल उचलतात. चाल चांगली येते, त्यात वावगं काही नाही. पण घरात एकट्यानं बसवलेली चाल पन्नास टाळांत टिकत नाही, कारण दुसऱ्याचं ऐकत आपलं म्हणायची सवय मोबाईल लावत नाही. ती मागच्या ओळीतच लागते. आज त्या ओळीत तरुण कमी आणि पुढं माईकपाशी जास्त दिसतात.

म्हणून मंडळींना विनंती, की दर एकादशीच्या भजनात एका नव्या पोराला एकच चरण म्हणायला द्यावा. चुकला तर हसू नये, ध्रुपद उचलावं. पुढल्या एकादशीला त्यालाच पुन्हा उभं करावं.

रामकृष्णहरी.